सहीच्या वरचा मजकूर

वाघमारे मॅडम कॉमिक उघडण्याआधी कागदाला समास पाडत. फूलस्केप कागद टेबलावर ठेवायचा, डावीकडून चार बोटं मोजून घडी घालायची, नखाने दाबायची, उलगडायची आणि वर लिहायचं, 'विषय'. मगच पुस्तकाला हात लावायचा. सरकारी कचेरीत उभा जन्म टिपण्या लिहिण्यात गेलेला. तलवार घेऊन आकाशात उडणाऱ्या जपानी मुलांबद्दल लिहायची वेळ आली, तरी त्यांना दुसरी पद्धत ठाऊक नव्हती.

सदाशिव पेठेतल्या आमच्या सोसायटीत त्या तिसऱ्या मजल्यावर राहायच्या, मी पहिल्या. नोकरीसाठी हिंजवडीला जायचं आणि उरलेल्या वेळात कॉमिक, अ‍ॅनिमे, गेम यांची परीक्षणं मराठीतून देणारी एक वेबसाइट चालवायची, असा माझा दिनक्रम. एकदा माझं कॉमिकचं पार्सल चुकून त्यांच्याकडे गेलं. दोन दिवसांनी ते माझ्या दाराशी आलं, फोडलेलं. सोबत कागद होता.

"पार्सल नजरचुकीने फोडले गेले. फोडलेच आहे म्हणून वाचले. नायक शूर आहे, परंतु एकही काम कोणास सांगून करीत नाही. शेवटी शहर वाचते, त्यात त्याचा वाटा किती हे स्पष्ट होत नाही. वाचण्यास हरकत नाही. अवलोकनार्थ सादर." खाली सही, पूर्ण नाव आणि तारीख.

मी तो कागद घेऊन धावतच वर गेलो आणि म्हणालो, "मॅडम, हे छापू का?"

"छाप की. पण माझं नाव घालणार असशील तर एक अक्षर बदलायचं नाही. सहीच्या वरचा मजकूर ज्याची सही त्याचा."

त्यांची परीक्षणं वाचकांनी डोक्यावर घेतली. कॉलेजातली मुलं मॅडमचा शेरा काय आला ते बघून गेम घ्यायची की नाही ते ठरवायला लागली. शेरे दोनच. 'हरकत नाही' किंवा 'शिफारस करता येत नाही'. माझ्या साइटवर पाच चांदण्या द्यायची सोय होती, ती त्यांनी कधी वापरली नाही. "चांदण्या बालवाडीत देतात," म्हणाल्या. एका राक्षसाबद्दल त्यांनी लिहिलं होतं, "हा इसम वाईट का झाला याची चौकशी झालेली दिसत नाही." त्या वाक्यावर वाचकांत आठवडाभर वाद चालला होता.

या वाचनाला त्या लागल्या कशा, ते मला बऱ्याच दिवसांनी कळलं. दिवाणखान्यात बुद्धाची तसबीर होती आणि तिच्याखाली काचेचं कपाट. त्यात मुलीची, रश्मीची कॉमिक ओळीने लावलेली. रश्मी बंगळुरूला नोकरीला गेली, गेम खेळायचं यंत्र आणि हे सगळं इथेच ठेवून.

"एका प्रकरणात साहेबांना माझा शेरा बदलून हवा होता," एकदा चहा ओतताना त्या म्हणाल्या. "मी म्हटलं, साहेब, तुम्ही तुमचा वेगळा शेरा लिहा, खाली तुमची सही करा. माझा तसाच राहील. पुढच्या महिन्यात बदली. चार वर्षं मी तिकडे दूरच्या तालुक्याला आणि रश्मी इथे माझ्या आईकडे. तिसरीत होती. मी शनिवारी यायची आणि रविवारी निघायची. ही पुस्तकं तेव्हाची. माझ्याऐवजी तिच्याजवळ कोण होतं, ते आता बघतेय."

हे सगळं मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं ते केलं.

गावातल्याच एका नव्या कंपनीने गेम काढला. किल्ल्यात शिरायचं आणि सात दरवाजे पार करून खजिन्यापर्यंत पोहोचायचं. मराठीतून असा गेम प्रथमच येतोय म्हणून आम्ही सगळे हरखून गेलो होतो. प्रकाशनाच्या कार्यक्रमात मंचावर बसायचं निमंत्रण मला आलं, त्यासोबत गेमची आगाऊ प्रत आणि गोड शब्दांत विचारणा, की मॅडमचं परीक्षण त्याआधी येईल ना?

मॅडम तीन आठवडे दुसऱ्या दरवाज्यावर अडकल्या होत्या. तिथे एक म्हातारा रखवालदार असतो. त्याला मारायचं आणि कमरेची किल्ली घ्यायची. त्या मारायला तयार नव्हत्या. मांडीवर नॅपकिन, त्यावर कंट्रोलर, आणि एकेक बटण दाबून बघणं चालू.

"मॅडम, ते चौकोनाचं दाबा. तलवार चालते."

"तलवारीचं बटण मला सापडलंय. विचारायचं कुठलं ते सांग."

"तसं बटण नाहीये."

"का नाही? तो ड्यूटीवर उभा आहे. आपलं काय वाकडं केलंय त्याने?"

शेवटी मीच त्यांच्या हातातून कंट्रोलर घेऊन रखवालदाराला मारलं. त्या उठून स्वयंपाकघरात गेल्या. पुढचे पाच दरवाजे त्यांनी नेटाने पार केले आणि कागद माझ्या हातात ठेवला. चित्रं, संगीत, मराठी, सगळ्याची तारीफ होती. शेवट असा होता: "दुसऱ्या दरवाज्यावरील रखवालदाराकडे किल्ली मागितली असती तर त्याने दिली असती. मागण्याची सोयच ठेवलेली नाही. सबब शिफारस करता येत नाही."

कार्यक्रम चार दिवसांवर होता. मी रखवालदाराची दोन वाक्यं काढली आणि शेवटी 'सबब शिफारस करण्यास हरकत नाही' असं केलं. खाली त्यांचं नाव तसंच ठेवलं. स्वतःला सांगितलं की संपादक म्हणून एवढा अधिकार मला आहे. खरं तर मला त्या मंचावर बसायचं होतं, बाकी काही नाही.

छापून आलेल्या परीक्षणाची प्रत मी दर वेळी त्यांना नेऊन द्यायचो. या वेळी नेली नाही. त्यांनी दोनदा विचारलं. मी दोन्ही वेळा प्रिंटर बिघडल्याचं सांगितलं. कार्यक्रमाच्या आदल्या संध्याकाळी त्या माझ्या दारात उभ्या राहिल्या.

"रश्मीचा फोन आला होता. रखवालदाराचं मी तिला सांगितलं होतं. म्हणाली, आई, तू त्या म्हाताऱ्याला मारलंस आणि हरकत नाही म्हणालीस?"

"मॅडम, थोडं एडिट केलं. जागा कमी होती."

इंटरनेटवर जागा कमी पडत नाही, हे त्यांनाही ठाऊक होतं.

"मला विचारायचंस. मी म्हटलं असतं, माझं नाव काढ आणि तुझं घालून काय हवं ते लिही. एवढंच तर होतं."

"उद्याचा कार्यक्रम झाला की लगेच दुरुस्त करतो."

"बरं," म्हणाल्या आणि जिना चढून गेल्या.

मी मंचावर बसलो. टाळ्या झाल्या. नंतर दुरुस्त करायला गेलो तर लोक विचारतील, काय उत्तर द्यायचं, म्हणून आठवडा टाळला, मग महिना. मॅडम जिन्यात भेटल्या की पूर्वीसारखंच "जेवलास का?" विचारायच्या. कागद मात्र एकही आला नाही. एकदा मी एक नवं कॉमिक मुद्दाम त्यांच्या दाराला पिशवीत अडकवून आलो. वाटलं, शेरा आला तर म्हणायचं मिटलं. आला नाही.

हिवाळ्यात त्या गेल्या. सकाळी फिरून आल्या, खुर्चीत बसल्या, त्या पुन्हा उठल्या नाहीत. घर आवरायला आलेल्या रश्मीने मला वर बोलावलं आणि ते कॉमिक परत दिलं. आत फूलस्केप कागद होता. समासाची घडी घातलेली, वर 'विषय', त्यापुढे पुस्तकाचं नाव. खाली काही नाही. दुसऱ्या हातात तिने एक फाइल ठेवली. मॅडमनी आपल्या प्रत्येक परीक्षणाची नक्कल ठेवली होती. शेवटची नक्कल त्या गेमची. शेऱ्याजवळच्या समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मूळ शेरा कायम.'

तिथे बसून मला रडू आलं. रश्मीने पाण्याचा ग्लास पुढे केला, पण 'असू दे, झालं ते झालं' असं ती म्हणाली नाही, आणि मला तिचं ते बरोबर वाटलं.

त्याच दिवशी साइटवरचं परीक्षण मी बदललं. रखवालदार परत आणला, शेरा परत आणला आणि वर मी काय केलं होतं तेही लिहिलं. मग नावापाशी येऊन थांबलो. रश्मीला फोन केला.

"खाली मॅडमचं नाव घालू का?"

ती म्हणाली, "हे आईला विचारायचं होतंस."

नावाची जागा मी मोकळी ठेवली आहे.