शारजातला महाराजांशिवायचा किल्ला

दिवाळीसाठी पुण्याहून शारजाला निघाले तेव्हा बॅगेत चकलीची भाजणी होती आणि हातातल्या पिशवीत कपड्यात गुंडाळलेली शिवाजी महाराजांची मूर्ती. भाची तारा दरवर्षी किल्ला करते, त्यासाठी.

बहीण सुनीता अल मजाजला खाडीकाठच्या टॉवरमध्ये राहते. विमानतळावरून जाताना तिने गरम लुगैमात (खजुराच्या पाकातले तळलेले गोळे) खाऊ घातले. मी पहिलाच घाईने तोंडात टाकला आणि जीभ पोळून घेतली. यंदा मराठी मंडळाची किल्ले स्पर्धा त्यांच्याच लॉबीत होती.

लॉबीत तारा कोपरापर्यंत चिखलात होती. इथली वाळू उभी राहत नाही, म्हणून नर्सरीतून माती आणलेली. किल्ला देखणा होता, पण सह्याद्रीतला नव्हे. सुट्टीत जॉर्डनला पाहिलेला केरकचा किल्ला! गादीवर प्लास्टिकचा गोरा सरदार, शातियाँचा रेनॉ.

माझं डोकंच फिरलं. त्याची कहाणी ताराकडून ऐकली तेव्हा तर तळपायाची आग मस्तकात गेली. क्रूसेडमध्ये (धर्मयुद्धात) फ्रान्सहून आलेला हा किरकोळ सरदार अँटिओक संस्थानाच्या राजकन्येशी लग्न करून तिथला सत्ताधीश झाला. म्हाताऱ्या धर्मगुरूच्या डोक्याला मध फासून त्याला उन्हात बसवलं. कित्येक वर्षं कैद भोगली, तरी शहाणपण नाही. सुटल्यावर दुसरं लग्न करून केरक मिळवला आणि तह मोडून यात्रेकरूंचे काफिले लुटले. शेवटी सुलतान सलाउद्दीनने त्याला स्वतःच्या हाताने मारलं.

असल्या दरोडेखोराला उतरव आणि महाराजांना बसव, असं मी तिला सुनावलंच. तेवढ्यात मंडळाचे सेक्रेटरी नाना आले.

"यल्ला, चला, महाराज ठेवा, फोटो काढू," ते म्हणाले. "महाराज नाहीत तो किल्ला बाद."

तारा गादीपुढे हात आडवा धरून उभी राहिली. "नो. ही रॉब्ड पिलग्रिम्स. ही ब्रोक हिज वर्ड. महाराज त्याच्या गादीवर का बसतील?"

मी मूर्तीची पिशवी मागे घेतली. सुनीताने पोरीला समजावून पाहिलं, पण ती हलेना. नानांनी किल्ल्यावरचा नंबर काढून खिशात घातला. मग मात्र मी त्यांच्याशी कडाकडा भांडले. "ताई, रूल इज रूल. खलास," एवढंच त्यांचं उत्तर. पहिलं बक्षीस दुकानातून आणलेल्या थर्माकोलच्या किल्ल्याला मिळालं. तारा लिफ्टमध्ये शिरेपर्यंत रडली नाही.

पुण्याला परतल्यावर शेजारीण मॉलबद्दल विचारत होती. मी तिला नानांचंच सांगितलं. "तासभर बसवले असते महाराज, तर काय बिघडलं असतं?" ती म्हणाली.

मी चहा अर्धा टाकून घरी आले. महाराज कुठे बसणार नाहीत, हे त्या लॉबीत एका पोरीला कळलं होतं, आणि बाद तिलाच केलं.