पिवळी सोंगटी

माझी बायको सुमती मंगळवारी गेली. शनिवारी परीक्षणासाठी नवा खेळ घरी आला.

पटावरच्या नव्या खेळांची परीक्षणं आम्ही मिळून लिहायचो. खेळ आधी दोघांनी पुरता खेळायचा आणि मगच लिहायचं, हा तिचा नियम. म्हणून मी पट मांडला, तिच्या पिवळ्या सोंगटीचेही पत्ते वाटले. तिची पाळी आली की उठून तिच्या खुर्चीत बसायचो.

दोन्हीकडचे पत्ते ठाऊक असले की चकित होण्यासारखं काही उरत नाही. तरीही एकदा माझ्या जागेवर परतून पाहिलं, तर पिवळ्या सोंगटीने पटावरच्या पुलावर माझी वाट अडवली होती. चाल माझ्याच बोटांनी केली होती, पण ती मला सुचलेली नव्हती.

"अहो, हरलात की लिहाल, 'यात नशिबाचा भाग फार!'" ती नेहमी चिडवायची.

इतकी वर्षं समोर बसलेल्या माणसाची चाल आपल्या हातात मुरते, की ते माणूसच आपली पाळी सोडत नाही, हे मला ठरवता येत नाही. पुढची चाल केली की मी हरेन आणि खेळ संपेल.

परीक्षण लिहिलेलं नाही. पट मांडलेला आहे. पाळी माझी आहे.