खिळ्यावरच्या बांगड्या

टिटवाळ्याच्या गाळ्यात नंदाची वीस वर्षं पॉलिश पेपर घासण्यात गेली. लाकूड कापायचं उत्तमने आणि गुळगुळीत करायचं नंदाने, अशी संसाराची वाटणी होती. कटर मशीनकडे ती फिरकायचीसुद्धा नाही. पण गेल्या श्रावणात उत्तमच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तो सावरला, चालायला लागला, बोलायचा तर पहिल्यापासूनच जास्त. फक्त उजव्या हाताची बोटं ऐकेनात. डॉक्टरीणबाईंनी ताटलीतले राजमे एकेक उचलायचा व्यायाम दिला होता. चार राजमे झाले की तो वैतागून ताटली सरकवायचा.

अशात घोडबंदर रोडच्या एका फ्लॅटसाठी बारा ड्रॉवरचं काम आलं. काम देणारा ऋतुराज म्हणाला, "काका, सोमवारपर्यंत एक ड्रॉवर नमुना दाखवा. नाही जमलं तर सांगा, मशीनला गिऱ्हाईक मी बघून देतो."

पोरगं भल्यासाठीच बोललं, पण नंदाच्या डोक्यात तिडीक गेली. मशीन गेली म्हणजे गाळा गेला, आणि गाळा गेला म्हणजे हा माणूस दिवसभर छताकडे बघत पडणार.

"मशीन मी चालवते," ती म्हणाली.

ड्रॉवरच्या फळ्यांना आतून खाच पाडायची, त्या खाचेत तळाची प्लाय बसते. काम तेवढंच. उत्तम खुर्ची टाकून बसला.

"पातं टेबलाच्या फटीतून फक्त दोन सूत, म्हणजे पाव इंच, वर ठेवायचं. लोकांना वाटतं, एवढंसं पातं काय करणार. पण ते फळीखाली दडलेलं असतं, दिसत नाही, म्हणून जास्त वाईट. हात त्याच्या वरून न्यायचा नाही, काठीने ढकलायचं. आपण बाजूला उभं राहायचं. अर्ध्यात मागे ओढायचं नाही. आणि पातं वरखाली करताना प्लगच काढून ठेवायचा."

नंदाने ओढणी काढली, वेणी वर बांधली, मंगळसूत्र कुर्त्याच्या आत टाकलं.

"आता बांगड्या."

"त्या राहू देत."

"एखादी अडकली तर हात जाईल, नंदा."

"अहो, आत्ता कुठे उठलायत तुम्ही. आणि मी भुंडे हात करू?"

एरवी मांजर आडवं गेलं तर मांजरालाच दटावणारी ही बाई. पण इस्पितळातल्या अकरा रात्री तिने याच हिरव्या बांगड्या चाचपत काढल्या होत्या. तिला खरंच भीती वाटत होती.

उत्तमने वाद घातला नाही. साबणाचं पाणी मागितलं आणि उजवा हात पुढे केला.

"दे इकडे. मी जिवंत समोर बसलोय आणि मीच काढतोय. मग अपशकुन कसला?"

पहिली बांगडी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा त्याच्या बोटांनी ती धरली आणि अंगठ्याच्या हाडावरून हळूच उतरवली. मग दुसरी. सहा या हातातल्या, सहा त्या. त्याच्या कपाळावर घाम आला होता. नंदाने बारा बांगड्या बटणाशेजारच्या खिळ्याला अडकवल्या.

"आजपासून नेम," उत्तम म्हणाला. "बारा खिळ्यावर दिसल्या तरच बटण दाबायचं."

आधी तिने टाकाऊ तुकड्यावर खाच पाडून पाहिली, मग फळी लावली. बाजूच्या लोखंडी पट्टीला फळी घट्ट चिकटवून काठीने शेवटपर्यंत ढकलली. मशीन बंद करून पातं पुरतं थांबेपर्यंत हात हलवला नाही. पात्याची जाडी एकच सूत आणि प्लाय दोन सुतांची, म्हणून पट्टी सुतभर सरकवून फळी पुन्हा एकदा पात्यावरून ढकलली. प्लाय खाचेत सरकन बसली. नंदाचे डोळे भरून आले, आणि तिने दोष भुशावर ढकलला.

सोमवारी ऋतुराज नमुना घेऊन गेला आणि उरलेल्या अकरांचं काम सांगून गेला.

आता नंदा जरा सैल मापाच्या बांगड्या भरते. रोज सकाळी उत्तम त्या उतरवतो, संध्याकाळी चढवतो. ताटलीतले राजमे तिने कधीच भिजत घातले.