तारपा दम खात नाही, मग गिटारने का खावा?

डहाणू-तलासरीच्या वादक मित्रमैत्रिणींनो, गिटारच्या दुकानात गावाचं नाव सांगितलं की आपल्याला शिकाऊ गिटारच्या रांगेकडे पाठवतात. हा अपमान आपण पुष्कळ गिळला. आज नाही गिळला!

माझी धाकटी बहीण मनीषा लग्नाच्या बँडमध्ये गिटार वाजवते. हाताने घडवलेली अव्वल इलेक्ट्रिक गिटार घ्यायची, असं बँडने ठरवलं. वापीचे दुकानदार आज दोन गिटार घेऊन आमच्या रानशेतच्या अंगणात आले.

"बेन, लग्नात वाजवायला एवढी भारी कशाला? घ्यायचीच तर ही चमकदार घ्या, मांडवात उठून दिसेल."

"शेठ, दिसणं राहू द्या. नाचणारे पाय सांगतील," मनीषा म्हणाली.

तिने चमकदार गिटारवर तारप्याची चाल धरली आणि अंगणात जमलेल्या बायाबापड्यांनी नाचाचा फेर धरला. तारपेवाला भोपळ्याच्या तारप्यातली फुंक तुटू देत नाही, म्हणून नाचाचा फेरही तुटत नाही. इथे मात्र सूर मधेच विझायला लागला. फेरातली मावशी ओरडली, "अगं, ही तर दम खाते! आम्ही पाय उचलून उभं राहायचं का?"

मग दुसरी, साधी, लाकडाच्याच रंगाची गिटार. तिचा सूर पुढच्या सुराला भिडेपर्यंत जिवंत राहिला. फेर असा फिरला की थांबेचना!

दुकानदार स्वतःच ठेका धरत म्हणाले, "बेन, ही चाल मला रेकॉर्ड करून द्या. आता प्रत्येक गिटार हिच्यावरच तपासणार."

मित्रांनो, पुढच्या वेळी दुकानात गिटार हातात घ्याल, तेव्हा सगळ्यात आधी आपल्या गावची चाल वाजवा. मोठ्याने वाजवा!