विसाव्या शतकाचा रविवार

रविवारी सकाळी साडेसहाला श्रीधरराव तांबट आमच्या फाटकाशी उभे असत. साडेसहा म्हणजे साडेसहा. त्या रविवारी पावणेसात झाले तरी त्यांचा पत्ता नव्हता, तेव्हा मी चिडलो. बुटांच्या नाड्या बांधून उभा असलेला माणूस आधी चिडतो, काळजी नंतर करतो. सात वाजता मी दोन-चार टोमणे तयार ठेवून त्यांच्या इमारतीकडे निघालो. जिन्यात शेजारच्या बाई भेटल्या. म्हणाल्या, "काका, वर चाललात का? पहाटे गेले हो ते. झोपेतच." मी "बरं" म्हणालो. तेवढंच मला नीट आठवतं. जणू त्यांनी सांगितलं होतं की दूधवाला अजून आलेला नाही. मग मी वर गेलो, एका कोपऱ्यात बसलो, अमरधामला गेलो, घरी येऊन आंघोळ केली आणि दुपारी जेवलोसुद्धा. आमटीत मीठ कमी होतं हेही मी बायकोला सांगितलं. या गोष्टीला आता सहा आठवडे होत आले आहेत. वर्तमानपत्राच्या पुरवणीसाठी त्यांच्याविषयी काही लिहाल का, अशी विचारणा झाली, तेव्हा पहिला विचार मनात आला तो असा, की विसावं शतक राहिलं…

हे जरा उलगडून सांगायला हवं. श्रीधरराव तांबट आळीतले. वाडवडील तांब्याची भांडी घडवणारे, हे मात्र सातपूरच्या एका कारखान्यात टूलमेकर झाले. सव्विसाव्या वर्षी कारखान्याने त्यांना आठ महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी जर्मनीत न्यूरेंबर्गला पाठवलं. माणसं परदेशातून घड्याळ आणतात, कॅमेरा आणतात. हे गृहस्थ एक अख्खं शहर घेऊन आले. पुढची चाळीस वर्षं त्या शहराच्या इतिहासावर मिळेल ते वाचत राहिले, आधी इंग्रजीतून आणि मग जर्मन शिकून. मी सिटी सर्व्हे ऑफिसात आयुष्य घालवलं, म्हणून ते मला 'मोजणीसाहेब' म्हणत. आमची ओळख निवृत्तीनंतरची, सकाळच्या फिरण्यातली. एक दिवस ते म्हणाले, "मोजणीसाहेब, तुम्ही जन्मभर नाशिक मोजलंत. आता त्याच रस्त्यांवरून तुम्हाला दुसरं गाव दाखवतो. दर रविवारी एक शतक. कबूल?" मी म्हटलं, "फुकट असेल तर कबूल."

अकराव्या शतकासाठी त्यांनी मला गोदाकाठच्या गढीवर चढवलं. आपली ही गढी मातीची, दर पावसाळ्यात थोडी ढासळणारी. तिकडे वाळूच्या दगडाची टेकडी, तिच्यावर किल्ला, आणि किल्ल्याच्या पायथ्याला सोनार, लोहार, खोगीर शिवणारे येऊन राहिलेले. शहर असं सुरू झालं. पुढच्या रविवारी पुलावर उभं राहून त्यांनी सांगितलं की तिथेही नदी गावाचे दोन भाग करते, दोन्ही तीरांवर एकेक थोरलं देऊळ, आणि दोन्हीकडच्या लोकांची आपलंच थोरलं म्हणून चढाओढ. मी म्हटलं, "म्हणजे पंचवटीकर आणि नाशिककर. तुमचं न्यूरेंबर्ग म्हणजे आमचंच गाव कोट-टोपी घालून बसलंय." ते हसले, पण मान हलवून म्हणाले, "नाही हो. आपल्याकडे द्राक्षं आहेत. तिकडची जमीन नुसती वाळू, नदीतून नाव चालत नाही. ज्या गावात काही पिकत नाही, त्या गावाला हात चालवावे लागतात." त्या गावाबद्दल बोलताना त्यांचा आवाज माहेराबद्दल बोलणाऱ्या बाईसारखा व्हायचा.

चौदावं शतक रविवार कारंजा चौकात झालं. सकाळची वेळ, दुकानं बंद, फुलवाले तेवढे बसलेले. त्या शहराच्या मुख्य बाजारातही एक कारंजं आहे, सोनेरी, मनोऱ्यासारखं. त्याच्या जाळीतली कडी फिरवली की इच्छा पुरी होते म्हणतात. मी विचारलं, तुम्ही काय मागितलंत? ते म्हणाले, "तो बाजार कसा झाला ते ऐका आधी." गावाच्या मधोमध ज्यूंची वस्ती होती. शहराच्या मंडळाला तिथे मोकळा चौक हवा होता. घरं पाडायची परवानगी राजाकडून आधी आली. मग काही दिवसांनी वस्तीतली माणसं जाळली, शेकड्यांनी. मग घरं पाडली, चौक आखला, आणि प्रार्थनास्थळ होतं तिथे चर्च उभं केलं. मी सहज बोलून गेलो, "म्हणजे कागद आधी तयार होता." कचेरीतल्या माणसाला हा क्रम ओळखू येतो. श्रीधरराव माझ्याकडे वळून म्हणाले, "आठ महिने त्या चौकात मी भाजी घेतली, साहेब. मला कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

पंधरावं आणि सोळावं ही दोन शतकं तांबट आळीत झाली, त्यांच्या चुलतभावाच्या दुकानात. एक हंडा ठोकून होत आला होता. त्याच्या गोल बुडावर खडूने जमीन आणि समुद्र काढून त्यांनी दाखवलं, की पृथ्वीचा टिकून राहिलेला सगळ्यात जुना गोल त्या शहरात घडला, आणि त्यावर अमेरिका नाही, कारण अमेरिकेची बातमी यायच्या आत तो रंगवून झाला होता. मग सुया, तारा, कुलपं, तराजू, होकायंत्रं. जगाला लागणारी सगळी बारीक कामं तिथली. काही कसबांचे कारागीर तर गाव सोडून जाऊच शकत नसत, कसब दुसऱ्या गावाला जाईल म्हणून. चुलतभाऊ ठोके न थांबवता म्हणाला, "आम्हाला कोणी जा म्हटलं तरी आम्ही जाणार कुठं? स्टीलवाल्यांकडं?" सतराव्या शतकात दोन फौजा महिनोन् महिने शहराभोवती तळ ठोकून बसल्या आणि माणसं उपासमारीने आणि रोगाने मेली, म्हणून त्या रविवारी त्यांनी मला चहा पिऊ दिला नाही. मी चडफडलो. अठरावं शतक आम्ही नदीकाठच्या बाकावर बसून काढलं. त्या शतकात शहरही बसूनच होतं, असं ते म्हणाले.

एकोणिसाव्या शतकासाठी मात्र त्यांनी थाटच केला. जर्मनीतली पहिली आगगाडी न्यूरेंबर्गहून शेजारच्या गावापर्यंत धावली, जेमतेम सहा किलोमीटर. म्हणून आम्ही नाशिकरोडहून पॅसेंजर पकडली आणि पुढच्याच स्टेशनला, देवळालीला उतरलो. त्यांना इतका आनंद झालेला मी कधी पाहिला नव्हता. देवळाली कॅम्पात त्यांचा कारखान्यातला जुना सोबती राहतो, सॅमसन नावाचा. सॅमसनचं घराणं बेने इस्राएली, म्हणजे पिढ्यानपिढ्या कोकणात राहिलेल्या मराठी ज्यूंपैकी. त्यांच्याकडे चहाला जायचं ठरलं होतं. सॅमसनने दार उघडलं आणि श्रीधरराव उंबऱ्यावरच थांबले. चौकटीच्या उजव्या बाजूला, खांद्याच्या जरा वर, बोटभर लांबीची एक पितळी डबी दोन खिळ्यांनी ठोकलेली होती. त्यांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. "हे काय असतं रे?" सॅमसन म्हणाला, "मेझुझा. आत देवाचं वचन लिहून ठेवलेलं असतं. आमच्या लोकांच्या प्रत्येक दाराला असतं. इतक्या वर्षांत आज दिसलं होय तुला?" श्रीधररावांनी विचारलं, "तिरकं लावतात का कधी?" "आमच्यात सरळच. तिकडे युरोपातले तिरकं लावतात म्हणे. का रे?" ते आत येऊन बसले. चहा घेतला, चकली खाल्ली, आणि परतीच्या गाडीत एकोणिसावं शतक अर्धंच सोडून खिडकीबाहेर बघत बसले.

त्यानंतरचे पाच रविवार विसावं शतक पुढे ढकललं गेलं. आज पाय दुखतोय, आज ऊन आहे. मला वाटलं, त्या शतकात त्या शहराने जे केलं, ते नाझींचे मोर्चे, ज्यूंविरुद्धचे ते कायदे, मग वरून पडलेले बाँब, मग नाझी पुढाऱ्यांवरचा तो खटला, हे सारं सांगायला त्यांना जड जात असणार. चाळीस वर्षं ज्या गावावर प्रेम केलं, त्याचं हे तोंडाने कोण सांगेल? सहाव्या रविवारी ते मला घरी घेऊन गेले आणि आपल्या खोलीत बसून बोलले. न्यूरेंबर्गला ते ज्या म्हातारीकडे राहत, तिचं घर कोटाबाहेरच्या, बाँबमधून वाचलेल्या एका गल्लीत होतं. पहिल्याच थंडीत हे तापाने फणफणले, तेव्हा तिने पंधरा दिवस उशाशी बसून सूप पाजलं. हे तिला मराठीत 'आजी' म्हणत आणि ती ओ देई. ती जाईपर्यंत दर नाताळाला पत्रं होती. तर तिच्याकडच्या त्यांच्या खोलीच्या चौकटीला, उजव्या बाजूला, रंगाच्या थरांखाली एक बोटभर लांबीचा तिरका खळगा होता. वर-खाली खिळ्याची दोन भोकं. दिव्याचं बटण त्याच्या शेजारीच. "रोज रात्री दिवा मालवताना माझा अंगठा त्यावरून जायचा, साहेब. टूलमेकरचा अंगठा. पाव मिलिमीटरचा फरक कळतो मला. वाटलं, जुनी कडी असेल… आठ महिने हात लावला आणि कळलं नाही."

मग त्यांनी खणातून एक छापील कागद काढला. त्या शहराच्या दप्तरखान्याचा अर्ज होता. अमुक पत्त्यावर पूर्वी कोण राहत होतं, ते विचारता येतं. म्हातारी तिथे कधी राहायला आली, तिच्या आधी कोण होतं, ते कुठे गेले… "विचारू का?" असं त्यांनी मला विचारलं. मला. पस्तीस वर्षं मी लोकांना नेमक्या याच प्रश्नाची उत्तरं देत होतो. ही जागा पूर्वी कुणाची, हे नाव कुठून आलं, ते का कमी झालं. त्या उत्तरांनी सख्खे भाऊ एकमेकांच्या दारात जायचे बंद झालेले मी पाहिलेत. म्हणून मी मोठ्या शहाणपणाने म्हणालो, "श्रीधरराव, बाई गेली. तिने काही केलं असेल-नसेल, आता तिला बोलता येणार नाही. तुमच्या मनात तिची एक चांगली आठवण आहे, ती का नासवता? खाल्ल्या घरचे वासे मोजू नयेत." त्यांनी कागदाची घडी केली. "बरोबर आहे तुमचं," म्हणाले. त्यानंतर तीन आठवड्यांनी ते गेले. मी खोटं बोललो नव्हतो, पण चुकलो होतो. त्यांना माझा सल्ला नको होता. बरोबर कोणीतरी हवं होतं, एवढंच.

गेल्या आठवड्यात श्रीधररावांच्या पत्नी, मालतीवहिनींनी मला बोलावलं. श्रीधररावांची पुस्तकं कुणाला द्यायची ते ठरवायचं होतं. त्यांच्या खोलीत मी प्रथमच एकटा बसलो. टेबल, चष्म्याचं घर, पेन्सिलींना अजून टोक. मला काहीच वाटत नव्हतं, आणि काही वाटत नाही याचीही लाज वाटत नव्हती. खण उघडला तर तो अर्ज वरच होता. घडी उलगडून सपाट केलेला, त्यावर पट्टी ठेवलेली. वरचा पत्ता त्यांनी आपल्या सुबक अक्षरात भरला होता. गल्ली, घर क्रमांक, मजला. म्हणजे माझं ऐकल्यानंतर कधीतरी त्यांनी पुन्हा सुरुवात केली होती, आणि मला सांगितलं नव्हतं. वहिनी चहा घेऊन आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, मी काय सल्ला दिला तेही. त्या कॉटवर बसून ऐकत होत्या. मग म्हणाल्या, "भरा ना मग. मी सही करते."

मी भरत गेलो. अर्जदाराचं नाव मालती श्रीधर तांबट, राहणार नाशिक. हवी ती माहिती, कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंत. असले रकाने भरण्यात माझं आयुष्य गेलंय, हात आपोआप चालत होता. शेवटचा रकाना होता, त्या घराशी आपलं नातं काय. तिथे मी अडलो. भाडेकरू म्हणावं, तर भाडेकरू श्रीधरराव होते, वहिनी नव्हत्या. आणि ज्यांच्याबद्दल विचारायचं, त्यांची तर नावंही आम्हाला ठाऊक नव्हती. "नातं काही नाही असं लिहितो," मी म्हणालो.

"काही नाही कसं?" वहिनी म्हणाल्या. "ते घर कुणाचं का असेना, आठ महिने त्या घरचं अन्न खाल्लंय त्यांनी. मग कुणाचं होतं ते विचारायला नको?"

मी तसंच लिहिलं.