छताला चिकटवलेला चार्ट

डेरिकने समोरच्या चार्टवरची सगळ्यात बारीक ओळ एका दमात वाचली आणि माझ्याकडे वळून म्हणाला, "आता सांग. एवढं बारीक दिसतं, तर बॉल का दिसत नाही?"

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. म्हणजे डोळे तपासून चष्म्याचा किंवा कॉन्टॅक्ट लेन्सचा नंबर देणारी. ऑपरेशन करणारे डॉक्टर वेगळे. पुण्यात शिकले, आयर्लंडला आल्यावर पुन्हा परीक्षांना बसले आणि आता डब्लिनच्या कडेला, सिटीवेस्टजवळच्या एका क्लिनिकमध्ये नोकरी करते. आमचे बहुतेक पेशंट दिवसभर स्क्रीनपुढे बसून डोळे कोरडे करून घेतलेले. बॉल दिसत नाही म्हणून आलेला हा पहिलाच. त्याच्या परवानगीने लिहितेय, नाव मात्र बदललंय.

डेरिक अमेरिकन फुटबॉलचा प्रोफेशनल खेळाडू. आपण फुटबॉल म्हणतो तो हा नव्हे. यात बॉल लांबट असतो, तो हातात घेऊन पळतात, आणि डोक्यावर जाळीचं हेल्मेट असतं. डेरिक कॉर्नरबॅक होता. समोरच्या टीमचा जो खेळाडू लांब पळत जाऊन पास झेलतो, त्याला चिकटून राहायचं आणि पास त्याच्या हातात पडू द्यायचा नाही, हे कॉर्नरबॅकचं काम. शिवाय तो रिटर्न स्पेशालिस्ट होता. समोरची टीम बॉल आभाळात उंच लाथाडते तेव्हा हा एकटा पार मागे उभा असतो. बॉल झेलायचा आणि उलट पळत सुटायचं. आपल्या भाषेत सांगायचं तर बाउंड्रीवरचा उंच कॅच, फक्त तो घेताना सात-आठ दांडगे गडी तुम्हाला आडवं करायला धावत येत असतात.

अमेरिकेत त्याने बरेच सीझन हे दोन्ही केलं होतं. गेल्या सीझनमध्ये मात्र उंच बॉल हातातून निसटायला लागले आणि टीमने त्याला सोडलं. त्याची होणारी बायको लिक्सलिपला चिप बनवणाऱ्या कारखान्यात इंजिनिअर, म्हणून तो इकडे आला. इथल्या एका हौशी क्लबबरोबर सराव करत होता. त्या शनिवारी जर्मनीतल्या एका प्रोफेशनल टीमचा कोच डब्लिनला ट्रायल घ्यायला येणार होता.

"माझ्या वयाचा नुसता कॉर्नरबॅक कोणी घेत नाही," तो म्हणाला. "रिटर्नही करतो, म्हणून बोलावलंय. शनिवारी बॉल सोडला तर संपलं."

एवढ्यात आमची बॉस ईमर डोकावली. क्लिनिक तिचं. तीस वर्षं हेच काम करत आल्यामुळे ती कुठल्याही पेशंटकडे एक नजर टाकून निकाल देते. बाहेर बोलावून म्हणाली, "युअर मॅनची नजर तुझ्या-माझ्यापेक्षा चांगली आहे. ही इज ग्रँड. सोड त्याला, बाहेर तिघं बसलेत."

युअर मॅन म्हणजे 'तो तुझा गडी', आणि ग्रँड म्हणजे 'ठीक आहे'. इथे पाय मोडला तरी माणूस ग्रँड असतो. मला त्या शब्दाचा मनापासून राग आहे.

"माणूस पोटापाण्यासाठी आभाळाकडे बघतो आणि आपण त्याला भिंतीकडे बघायला लावून पास करतोय," मी म्हटलं. "मला दहा मिनिटं दे."

आत येऊन मी डेरिकला साधे प्रश्न विचारायला लागले. कॉर्नरबॅक म्हणून खेळताना बॉल दिसतो? हो, अगदी शिवण दिसते. कमी उंचीची किक? तीही दिसते. फक्त उंच गेलेली नाही? त्याने मान हलवली. मग म्हणाला की उंच बॉल वर जाताना नीट दिसतो, पण खाली येताना त्याला कडाच नसतात. त्यामुळे तो हल्ली दर वेळी फेअर कॅचची खूण करायचा. रिटर्न करणाऱ्याने हात वर करून हलवला की समोरच्यांना त्याच्या अंगावर जाता येत नाही, पण त्यालाही मग पळता येत नाही. नियमात बसतं, पण नेहमी नेहमी केलं की लोक नावं ठेवतात.

"सगळे म्हणतात मी घाबरतो," तो खाली बघत म्हणाला. मला फार वाईट वाटलं.

मी विचारलं, "लेन्स कधी बदलल्या?"

"गेल्या सीझनच्या आधी. जुन्या यायच्या बंद झाल्या."

इथे माझे कान टवकारले. डेरिकच्या उजव्या डोळ्याला जवळजवळ नंबर नाही, पण डाव्याला बराच सिलिंड्रिकल नंबर आहे. म्हणजे डोळ्याचा पुढचा पारदर्शक भाग चेंडूसारखा गोल नसून थोडा चपटा. अशा डोळ्याची लेन्स एका ठरावीक कोनातच बसावी लागते. ती गोल फिरली की सगळं पुसट. फिरू नये म्हणून काही लेन्स खालच्या बाजूला जड करतात. ढकलली तरी उभी राहणारी बाहुली असते ना, तसं. बाहुली उभी राहते, कारण जमीन खाली असते. पण माणसाने मान पूर्ण मागे टाकली तर डोळ्याला खाली कुठलं?

आणि आम्ही लेन्स तपासतो कशी? हनुवटी स्टँडवर, कपाळ पट्टीला, नजर समोर. जगभर असंच तपासतात. तिथे डेरिकची लेन्स अगदी जागच्या जागी होती.

मी खुर्चीवर चढले आणि दुसरा चार्ट चिकटपट्टीने छताला चिकटवला. डेरिकला खाली उभं केलं, उजव्या डोळ्यावर हात ठेवायला लावला आणि सांगितलं, "मान मागे. हेल्मेट घातल्यावर टाकतोस तेवढी. आता डोकं डावीकडे, उजवीकडे, पापण्या मिटून उघड आणि वाच."

पहिल्या तीन ओळी आल्या. चौथीला तो अडखळला. पाचवीला म्हणाला, "नाही दिसत."

मी भिंग आणि टॉर्च घेऊन त्याच्या डोळ्यात वाकले. या लेन्सवर एक बारीक खूण असते, ती खाली, घड्याळात सहा असतात तिथे हवी. ती चांगली आठच्या जवळ जाऊन बसली होती. खरं सांगते, मला नाचावंसं वाटलं.

तेवढ्यात ईमर आत आली. मी खुर्चीवर, सव्वासहा फुटी माणूस मान मोडून उभा आणि आमचा चार्ट छतावर. तिनेही भिंग घेऊन बघितलं.

"जीझस," ती म्हणाली आणि बाहेरच्या तिघांना कॉफी विचारायला गेली.

दुसऱ्या पद्धतीच्या लेन्स असतात. त्या वजनावर नव्हे, पापण्यांच्या पकडीवर जागेवर राहतात. डेरिकच्या कोनाची लेन्स आमच्याकडच्या नमुन्याच्या लेन्समध्ये नव्हती. मागवली तर गुरुवारी येणार होती. यावर ईमर आणि माझी जुंपली.

"ट्रायलच्या दोन दिवस आधी लेन्स बदलायची? शनिवारी त्याने बॉल सोडला तर नाव आपलं येईल."

"तो आत्ताही सोडतोच आहे."

"मग तू स्वतः ग्राउंडवर जा. तो पळताना लेन्स बघ. तुझी खात्री पटली तरच त्याला वापरू दे, नाहीतर काढून घे."

म्हणणं बरोबर होतं, त्यामुळे मला वाद वाढवता आला नाही.

गुरुवारी लेन्स आली. छताखाली उभं करून वाचायला लावलं, डेरिकने सगळ्या ओळी वाचल्या. आम्ही थेट ग्राउंड गाठलं. माझा नवरा सुजित ऑफिसमधून तिथेच आला. तो दर शनिवारी क्रिकेट खेळतो आणि उंच कॅचवर आपला अधिकार आहे असं समजतो. किक मारायला क्लबचा कॉनर होता. लहानपणापासून इथला गेलिक फुटबॉल खेळलेला, त्यामुळे बॉल थेट ढगात पाठवणारा.

पहिला बॉल वर गेला. डेरिक बॉलखाली आला, हात पुढे केले आणि बॉल छातीवर आपटून बाहेर. दुसराही तसाच. तिसरा तर बोटांना लागून गेला.

डेरिकने हेल्मेट काढलं आणि गवतावर बसला. "डोळे नाहीत ते," तो म्हणाला. "मीच संपलोय."

मी टॉर्च घेऊन बघितलं. लेन्स एक केसभरही हलली नव्हती.

सुजित हळूच म्हणाला, "यार, हा शेवटच्या क्षणी हात लवकर बंद करतोय. मतलब, बॉल कुठे आहे ते त्याला कळतंय, पण किती लांब आहे ते नाही."

किती लांब हे कळायला दोन डोळे लागतात. एक डोळा मिटून सुईत दोरा ओवून बघा. पण डेरिकला तर आता दोन्हींनी स्वच्छ दिसत होतं. मग मी ठरवलं की पुढच्या किकला बॉल बघायचाच नाही. ऐकायला सोपं आहे. बॉल आभाळात असताना दुसरीकडे बघणं किती अवघड जातं ते करून बघा. मी डेरिकपासून चार पावलांवर उभी राहिले आणि हेल्मेटच्या जाळीतून त्याच्या डोळ्यांवर नजर लावली.

कॉनरने लाथ मारली. डेरिकची मान मागे गेली. बॉल खाली यायला लागला आणि डेरिकचा डावा डोळा मिटला.

सीझनभर तो डोळा वर बघताना पुसट दाखवत होता. मेंदूने आपला उपाय शोधला होता, ऐन वेळी तो डोळा बंद करून टाकायचा. लेन्स बदलली हे मेंदूला अजून कोणी सांगितलंच नव्हतं.

"तू डावा डोळा मिटतोस," मी ओरडले.

"नाही."

"मिटतोस. मी बघितलं."

सुजितने फोनवर शूट करून दाखवलं तेव्हा कुठे त्याला पटलं. मग मी तिथेच उभी राहिले आणि प्रत्येक बॉल वर गेला की ओरडायला लागले. इंग्रजीत सुरुवात केली, पण घाईत माझ्या तोंडून मराठीच येतं. "डावा! डावा!" डेरिकला तो शब्द आवडला. थोड्या वेळाने तो स्वतःच म्हणायला लागला. एक बॉल निसटला, एक कसाबसा पोटाशी अडकला, आणि मग पुढचा दोन्ही हातांत असा गपकन बसला की त्याचा आवाज आमच्यापर्यंत आला. डेरिक थांबलाच नाही. बॉल काखेत घालून तो सरळ मैदानाच्या दुसऱ्या टोकाला पळाला, एकटाच, मागे कोणी नसताना. परत आला तेव्हा हसत होता आणि डोळे भरले होते. आता लेन्स खरंच हलेल म्हणून मी त्याला रडू नकोस असं सांगितलं.

शनिवार म्हणजे क्लिनिकचा सगळ्यात गर्दीचा दिवस. ईमर म्हणाली, "तुझे पेशंट मी घेते. जा." एवढंच. मला तिला मिठी मारावीशी वाटली, पण ती तशी बाई नाही.

ट्रायलला वारा होता. कॉर्नरबॅक म्हणून डेरिक मस्त खेळला, पण ते त्याला आधीही जमत होतं. जर्मन टीमचा कोच कडेला हाताची घडी घालून उभा होता. मग रिटर्नची पाळी आली. समोरून पाच जण धावून येणार आणि हा खऱ्या मॅचसारखा झेलून पळणार.

कॉनरला त्या दिवशी काय चढलं होतं कोण जाणे. बॉल इतका उंच गेला की वाऱ्याने तो बाजूला नेला. डेरिक तिरका पळाला, मान मागे टाकली. पाच जण निम्म्यावर आले. आणि त्याचा उजवा हात वर जायला लागला, फेअर कॅचसाठी. हात खांद्यापर्यंत आला, तिथे थांबला आणि खाली गेला.

मी गप्प राहायचं ठरवून आले होते. तरी जिवाच्या आकांताने ओरडले, "डावा!" अख्खं ग्राउंड माझ्याकडे वळलं. सुजितने माझा कोट ओढला.

बॉल हातात पडला. पहिला गडी त्याच्या कमरेला हात घालायला गेला आणि त्याच्या हाती हवा लागली. दुसरा घसरला. डेरिक कडेने असा निघाला की उरलेल्या तिघांनी पाठलाग अर्ध्यातच सोडला. मी उड्या मारत होते. कोणाच्या चष्म्याचा नंबर काढून आजवर मी उड्या मारलेल्या नाहीत.

कोच एकच शब्द बोलला, "अगेन."

पुन्हा झालं, पुन्हा झेलला. त्यानंतर कोचने घडी सोडून टाळी वाजवली.

सोमवारी डेरिकचा फोन आला. पुढच्या सीझनचं कॉन्ट्रॅक्ट त्याला मिळालं होतं, कॉर्नरबॅक आणि रिटर्नर, दोन्हीचं. तो जर्मनीत खेळला. तिथल्या टीममध्ये आता बॉल वर गेला की चार-पाच जण 'डावा' ओरडतात म्हणे. अर्थ त्यांनी कधी विचारला नाही.

तेव्हापासून मी पेशंटला किती दिसतं हे नंतर विचारते. आधी विचारते, काम करताना मान कुठे असते? परवा घरांची छतं रंगवणारा एक माणूस आला होता, त्याच्या आधी झाडावर चढून फांद्या छाटणारी एक बाई. दोघांनीही भिंतीवरची शेवटची ओळ सहज वाचली होती. पण चार्ट वाचायचा पगार कोणालाच मिळत नाही.