मेमरीला कमी पडलेली वीज

मस्कतला असलेल्या माझ्या लेकीशी मी एकदा उगाचच आठवडाभर अबोला धरला होता. तिचे दिवस भरत आले होते आणि रोज संध्याकाळी आम्ही कॉम्प्युटरवर एकमेकींना बघत बोलायचो. मी उपदेश सुरू केला की पडदा निळा व्हायचा आणि सगळं बंद! तिने तिकडून रागाने बंद केलं की इकडचा डबाही विझतो, अशी माझी ठाम समजूत. पुढे मी त्याच कॉम्प्युटरवर एकटीच पत्ते खेळत असताना तो विझला, तेव्हा कुठे या विदुषीच्या डोक्यात उजेड पडला.

दुरुस्तीला आलेले गृहस्थ पूर्वी बोटीवर वीजकाम करायचे. डबा उघडण्याआधी त्यांनी खिडकीच्या गजाला हात लावला, अंगातली वीज उतरावी म्हणून. चहा पुढे केला तर म्हणाले, "आधी ह्याचं होऊ दे, काकू."

माझ्या भाच्याने मागे मेमरीची आणखी एक पट्टी बसवली होती आणि मदरबोर्डकडून दोन्ही पट्ट्यांना वीज किंचित कमी पडत होती. त्यांनी सेटिंगमध्ये व्होल्टेज अगदी जरासं वाढवलं, तपासणी लावली आणि हाताची घडी घालून पडद्याकडे बघत बसले. चूक दाखवणारी लाल ओळ एकही उमटली नाही. मग गार झालेला चहा त्यांनी एका दमात संपवला.

मी मस्कतला लावलं. लेक पोटावर हात ठेवून हसत होती. मला रडूच फुटलं आणि त्या भरात अबोल्याची हकिकतही तोंडून निसटली.

पिशवी उचलत ते म्हणाले, "काकू, तोंड फुगवायचं तर मशीन चालू ठेवून फुगवा. तिकडे दिसायला नको?"